किताकामीवरून कॅनूची पाठवणी

हा प्रवास मी रागात सुरू केला, रागातच संपवला, आणि आता हिवाळा सरत आला तरी त्याबद्दल लिहायला बसले की कान तापतात. तेव्हा निसर्गवर्णनाची फार आशा ठेवू नका. नदी सुंदर होती, काठचे डोंगर लाल-पिवळे झाले होते, पहाटेचं धुकं कुणालाही आवडावं असंच होतं. ते सगळं येईल. पण आधी राग कसला, ते सांगते. नाहीतर बावन्न वर्षांची बाई तीन दिवस एकटी वल्हं मारत का गेली, हे कळायचं नाही.

मी अनघा. मूळची सांगलीची. चौदा वर्षांपासून टोकियोच्या पूर्वेला एदोगावात राहते आणि एका बँकेच्या प्रोजेक्टवर टेस्टिंगचं काम करते. माझी धाकटी बहीण मंजिरी सेंदाईला विद्यापीठात संशोधन करते. तीन वर्षांपूर्वी सुट्टीत तिच्याकडे गेले होते. ती लॅबमध्ये अडकली, म्हणून मी एकटीच ट्रेनने उत्तरेला गेले, किताकामी नदीकाठच्या एका स्टेशनवर उतरले, भाड्याने सायकल घेतली आणि बांधावरून फिरायला निघाले. गावाचं नाव लिहीत नाही. पुढचं वाचून तिथल्या चांगल्या माणसांना उगाच फोन जायचे.

सायकलची चेन पडली. हात पुसायला फडकं मागावं म्हणून एका घरात शिरले, तर मागच्या शेडमध्ये ती उलटी ठेवलेली दिसली. पाचेक मीटर लांब, दोन्ही टोकं वर वळलेली, हिरव्या रंगाचे पोपडे सुटलेले. कॅनू. म्हणजे एका वल्ह्याने चालवायची अरुंद, हलकी होडी. हल्लीच्या कॅनू प्लास्टिकच्या असतात. ही जुन्या पद्धतीची होती: आत लाकडी फासळ्या, त्यांवर पातळ फळ्या, आणि फळ्यांवर ताणून बसवलेलं जाड सुती कॅनव्हास. ते कॅनव्हास ठिकठिकाणी फाटलं होतं.

माझे वडील सांगलीला कृष्णेच्या घाटावर पोरांना पोहायला शिकवायचे. होडी दिसली आणि तिला हात न लावता पुढे गेले, असं माझ्या बाबतीत होत नाही. मी वाकून आत बघत होते तेवढ्यात मागून आवाज आला, "तिथे गांधीलमाश्या आहेत."

चिबा कियोको-सान. चिबा हे आडनाव आणि 'सान' म्हणजे आपलं आदराचं 'जी'. तेव्हा पंचाहत्तरीच्या होत्या, कमरेतून वाकलेल्या, हातात मातीसकट उपटलेला मुळा. त्यांचे यजमान चिबा इसामु-सान कॅनू बनवत. चाळीस वर्षं बनवल्या. ते जाऊन सात वर्षं झाली होती आणि ही त्यांची अगदी पहिली कॅनू होती. एका शाळेने वापरून वापरून खिळखिळी करून परत आणून टाकलेली.

"ही दुरुस्त होईल का?" मी विचारलं.

"होईल. पण माझ्या बोटांत आता जोर नाही."

"माझ्या बोटांत आहे," मी म्हणाले. मला स्वतःलाच माहीत नव्हतं मी काय बोलून बसले ते.

त्यानंतरची दोन वर्षं, महिन्यातून दोन शनिवार-रविवार, मी पहाटेची शिनकानसेन, म्हणजे बुलेट ट्रेन, धरून त्या शेडमध्ये गेले. ऑफिसात कुणाला पटेना. मिलिंद, माझा नवरा, म्हणाला, "अगं, एवढ्या खटाटोपात नवीन होडी येईल." एदोगावातल्या मैत्रिणी विचारायच्या, "पण मिलिंदचं जेवण?" मिलिंद पंचावन्न वर्षांचा आहे आणि उत्तम पिठलं करतो. हा प्रश्न त्याला कधी कुणी विचारला नाही, मला मात्र दर वेळी विचारला. रागाची सुरुवात खरं तर तिथूनच.

काम असं होतं. आधी जुनं कॅनव्हास सोलून काढायचं. मग मोडलेल्या फासळ्या बदलायच्या. नवी पट्टी दोन दिवस पाण्यात भिजवायची, वाफेच्या लांब पेटीत घालायची, आणि बाहेर काढली की ती गार व्हायच्या आत कॅनूच्या उघड्या अंगावर दाबून वाकवायची. मी पहिल्या चार मोडल्या. कियोको-सान खुर्चीवर बसून बघत होत्या.

"तुम्ही हातांनी वाकवताय," त्या म्हणाल्या. "पोटाने वाकवा."

पाचवी वाकली. मग पितळी चुका, म्हणजे बारीक खिळे, ठोकायच्या, त्याही अशा की बाहेरून हातोडी आणि आतून लोखंडाचा ठोकळा धरला की चुकेचं टोक वळून पुन्हा लाकडात घुसतं. अशा शेकडो. माझा डावा अंगठा महिनाभर निळा होता. ऑफिसात कीबोर्डवर स्पेसबार मी उजव्या हाताने मारत होते.

कॅनव्हासच्या दिवशी मंजिरीही आली. नवं कापड दोन खांबांच्या मध्ये झोळीसारखं टांगून ताणायचं आणि झोळीत बाळ ठेवावं तशी कॅनू त्यात बसवायची. किती ताणायचं हे कुठल्याही पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. कियोको-सान उठल्या, कापडावर टिचकी मारली, कान लावला आणि म्हणाल्या, "अजून." पुन्हा टिचकी. "अजून थोडं. बास."

"हे तुम्हाला कसं कळतं?" मी विचारलं.

"मीच करायचे ना."

"कधीतरी?"

"सगळ्या कॅनूंचं. कॅनव्हास माझं, कापडाच्या विणीत लांबीचं पुट भरणं माझं, रंग माझा, बसायची वेताची जाळी माझी. फासळ्या वाकवताना एक टोक त्यांच्याकडे, एक माझ्याकडे. लाकूड निवडणं आणि साचा मात्र त्यांचाच." मग त्यांनी लांबीच्या डब्यात बोट घालून बघितलं आणि म्हणाल्या, "हे अजून पातळ हवं. अळशीचं तेल घाला."

मी तेल घातलं. पण माझं डोकं फिरलं होतं. घरात भिंतीवर वर्तमानपत्रांची कात्रणं लावलेली होती. मासिकातले रंगीत फोटोही होते. इसामु-सान कॅनूसोबत, इसामु-सान वल्ह्यासोबत, इसामु-सान नदीकडे बघताना. एकाही फोटोत ही बाई नव्हती. मी तसं म्हटलं.

"फोटो काढणाऱ्यांना चहा कोण देणार?" त्या म्हणाल्या आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

कॅनूला रंग लागला आणि तिची बातमी पसरली. नदीच्या खालच्या अंगाला, साठेक किलोमीटरवर, इसामु-सानचं जन्मगाव. तिथे गावाच्या वारशाचं एक नवं दालन उघडणार होतं. पहिली कॅनू तिथे ठेवावी अशी विनंती घेऊन तिथले अधिकारी कुमागाई-सान आले. पस्तिशीचे, नेटका सूट, हातात मापाची टेप. त्या दिवशी कॅनू उचलायला मदत म्हणून मंजिरीने आपल्या लॅबमधले प्राध्यापक ताकानो-सान यांना आणलं होतं. कुमागाई-साननी शेडमधल्या आम्हा तिघी बायकांवरून नजर फिरवली, सरळ ताकानो-सानसमोर जाऊन वाकले, दोन्ही हातांनी कार्ड दिलं आणि विचारलं, "दुरुस्तीचं काम फार अवघड गेलं असेल, नाही?"

ताकानो-सान बिचारे घाबरले. "मी फक्त उचलायला आलोय," म्हणाले.

मी माझं काळंनिळं नख पुढे केलं. कुमागाई-साननी त्याकडे बघून सहानुभूतीने मान हलवली आणि पुढचा प्रश्न पुन्हा ताकानो-सानना विचारला.

महिन्याभराने दालनातल्या फलकाचा मसुदा आला. 'शेवटचा कॅनू-कारागीर' असा मथळा, मग इसामु-सानचं चरित्र, आणि शेवटी, 'पत्नीच्या मूक साथीमुळे त्यांना कामात झोकून देता आलं.' मूक साथ! कियोको-सानचं नावसुद्धा नव्हतं. नुसतं 'पत्नी'. मी दोन पानांचं पत्र लिहिलं, मंजिरीकडून जपानी तपासून घेतलं आणि पाठवलं. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' एवढं एक वाक्याचं उत्तर आलं.

कियोको-सान शांत होत्या. "त्या काळी तसंच असायचं. जाऊ दे." त्या हे इतक्या सहज म्हणाल्या की मला त्यांचाही राग आला.

मग ऑक्टोबरअखेर उद्घाटन ठरलं आणि दालनाने कॅनूसाठी ट्रक पाठवतो म्हणून कळवलं. ट्रक! दोन वर्षं खपून जी पाण्यात टाकायची, तिचा पहिला प्रवास ट्रकमध्ये आणि मग कायमची काचेमागे? मी म्हणाले, मी नदीने घेऊन येते. कुमागाई-साननी अडचणी सांगितल्या. विमा, हवामान, जबाबदारी. कियोको-साननी मुळ्याचं लोणचं चावत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "होडी अजून माझी आहे. ती नदीने येईल."

पहिला दिवस: डोंगरांमधून

सकाळी सातला धुक्यात कॅनू पाण्यात सोडली. कियोको-साननी मला पत्र्याचा एक डबा दिला, त्यात कॅनव्हासचे तुकडे, डिंकाची ट्यूब, सुरी आणि चुका. शिवाय आंबट उमेबोशी, म्हणजे खारवलेली आलुबुखारासारखी फळं, भरलेले सहा भाताचे गोळे. हात वगैरे हलवला नाही. मी सामानाला मारलेली गाठ तपासली, ती सोडून पुन्हा स्वतः बांधली, आणि घरात निघून गेल्या.

एकटीने कॅनू चालवताना मध्यावर गुडघे टेकून बसायचं. वल्हं एकाच बाजूला मारलं तर होडी दुसरीकडे वळते, म्हणून प्रत्येक फटक्याच्या शेवटी मनगट बाहेर वळवून तिला सरळ आणावं लागतं. पहिला तासभर मी नदीत नागमोडी गेले. मग जमलं. इथे नदी दोन्ही बाजूंच्या डोंगरांत आवळलेली आहे, पाणी गडद, हलतंय की नाही कळू नये असं. काठावर पर्सिमनची झाडं, पानं गळलेली आणि नुसती नारिंगी फळं लटकलेली.

मोसम सालमन माशांचा होता. समुद्रातून उलटे येऊन ते वर अंडी घालायला जातात. एकदा होडीच्या खालून काहीतरी खरवडत गेलं आणि गुडघ्यांना ते स्पष्ट कळलं. पाणी आणि मी यांच्यामध्ये बोटभर जाडीचं लाकूड आणि एक कापड होतं. प्लास्टिकच्या होडीत हे कळलं नसतं. त्या क्षणी मी राग विसरले, हे प्रामाणिकपणे कबूल करते.

फार वेळ विसरता आला नाही, कारण पाट्या सुरू झाल्या. जिथे जिथे काठाला उतरता येईल अशी जागा, तिथे तिथे पिवळी पाटी. 'धोका.' 'नदीजवळ जाऊ नका.' एकीवर बुडणाऱ्या मुलाचं चित्र. ह्याच नदीतून एके काळी तांदळाच्या होड्या समुद्राला लागायच्या आणि तिथून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला जायच्या. आता नदीकाठच्या मुलांना नदीजवळ जाऊ नका म्हणून सांगतात. सांगलीला महापूर काय असतो ते मी बघितलंय. आमच्या घराच्या पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर पाणी होतं. तरीही पूर ओसरल्यावर वडील पोरांना घेऊन पुन्हा घाटावर. नदीची भीती वाटते म्हणूनच पोहायला शिकवायचं ना? असं मी त्या पाटीला मोठ्याने मराठीत ऐकवलं. दिवसभरात दुसरं कुणी भेटलंच नाही.

दुपारी चारला एका सपाट कुरणावर तंबू ठोकला. खांदे इतके आखडले होते की भाताचा गोळा तोंडापर्यंत नेताना विव्हळले.

दुसरा दिवस: सपाटी, वारा आणि सिमेंट

डोंगर संपले आणि समोरून वारा आला. रिकाम्या कॅनूचं पुढचं टोक हलकं असतं, वारा ते धरतो आणि होडी दाराच्या फळीसारखी फिरवतो. मी पाण्याचा मोठा कॅन भरून पुढे ठेवला, तेव्हा जरा ताळ्यावर आली. तरी दोन तासांत एक पूल काही मागे पडेना. पुलावरून ट्रक जात होते आणि मी खाली जागच्या जागी वल्हं मारत होते.

दम खायला काठाला लागायचं म्हटलं, तर काठच नाही. मैलभर सिमेंटचे ठोकळे. वाळू नाही, गवत नाही, पाय ठेवायला जागा नाही. नदीला बादलीत घातल्यासारखं केलंय. वाऱ्याने मला त्या ठोकळ्यांवर ढकललं आणि फर्रकन आवाज आला. दोन ठोकळ्यांच्या फटीतून गंजकी सळई बाहेर आलेली होती. तिने उजव्या अंगाला कॅनव्हास फाडलं होतं.

मी जे ओरडले ते इथे लिहिण्यासारखं नाही. दोन वर्षं! दोन वर्षांचं काम, आणि कुठल्या तरी कंत्राटदाराने कापायची विसरलेली एक सळई! ओरडत आणि रडत मी कशीबशी एका सांडव्याच्या पायऱ्यांवर कॅनू ओढली आणि कियोको-सानना फोन लावला.

"किती फाटलंय?"

"एक वीतभर."

"फळी फुटली?"

"नाही."

"मग काही झालेलं नाही. आधी खाऊन घ्या. तोवर वाळू दे."

मी खाल्लं. मग त्या फोनवर सांगत गेल्या तसं केलं. फाटीच्या कडा सुरीने हलकेच उचलायच्या, कॅनव्हासचा तुकडा आतून, फळी आणि कापडाच्या मध्ये सरकवायचा, डिंक भरायचा, आणि वरून दाबून धरायचं. अर्धा तास मी दोन्ही तळवे लावून बसले होते. त्याच अवस्थेत असताना वरून आवाज आला, "माफ करा!"

पोलीस होते. तरुण, सायकलवरचे, अतिशय नम्र. कुणीतरी फोन केला होता की एक परदेशी बाई नदीतून वाहत चाललीय.

"वाहत नाहीये. वल्हवतेय."

"एकट्याच?"

"एकटीच."

"म्हणजे, तुमच्यासोबत कुणी…"

"नाही."

त्यांनी रहिवासी कार्ड मागितलं. हात काढता येईना, म्हणून मी कोपराने खिसा दाखवला. त्यांनी संकोचून तिसऱ्यांदा विचारलं, "पण यजमान कुठे आहेत?" यजमान एदोगावात कपड्यांच्या घड्या घालत होते. ते मी सांगितलं. त्यांनी तेही लिहून घेतलं. एकटा पुरुष गळ टाकून बसलेला तर मी त्याच काठावर तासाभरात चार पाहिले होते. त्यांना कुणी विचारलं होतं का, बायको कुठे आहे म्हणून? मी हेही विचारलं. ते गोंधळले, मग खरंच विचार करून म्हणाले, "नाही, कधी विचारलं नाही." आणि मग टोपी काढून त्यांनी मला दुसऱ्या बाजूने कॅनू उचलून दिली. ठिगळ टिकलं, थेंबभरही पाणी आत आलं नाही.

संध्याकाळी नदीकाठच्या एका छोट्या खानावळवजा घरात मुक्काम केला. मालकीणबाईंनी जेवायला 'हात्तो' दिलं. कणकेचे पातळ तुकडे हाताने ओढून उकळत्या रश्शात सोडलेले, वर गाजर, मशरूम, कांद्याची पात. पहिल्या घासाला मी थांबले. ही तर चकोल्यांची बहीण! फक्त गूळ-आमसुलाची डाळ नव्हती आणि रस्सा दाशीचा, म्हणजे सुक्या माशाच्या अर्काचा होता. दाशीपुढे मी शाकाहारी बाईने पहिल्याच वर्षी हात टेकलेत. बाईंनी सांगितलं, पूर्वी भात जमीनदाराकडे जायचा, म्हणून इथले लोक कणकेवर भागवायचे. मी तीन वाट्या खाल्ल्या. त्या म्हणाल्या, "उद्या दालनाच्या उद्घाटनाला जाताय ना? चिबा-सान फार थोर माणूस होते."

"आणि त्यांच्या पत्नी?"

"त्यांचं लग्न झालं होतं का?" त्यांनी विचारलं.

तिसरा दिवस: दालन

सकाळी वारा पडला होता. धुक्यात सायबेरियातून नुकतेच आलेले हंस बसले होते, कॅनू त्यांच्या मधून गेली तरी ते उडाले नाहीत, फक्त जरा बाजूला सरकले. वल्ह्यावरून निथळणारे थेंब ऐकू येत होते. मी ठरवलं होतं, शांत राहायचं. कॅनू द्यायची, वाकायचं, घरी जायचं. कियोको-सानना चालतंय तर मी कोण?

दहाच्या सुमाराला दालन दिसलं. बांधावर नवीकोरी काचेची इमारत, खाली पाण्यापर्यंत सिमेंटचा उतार, त्यावर लाल-पांढरा पडदा, सूटमधली माणसं, आणि कॅनू उचलायला पांढरे हातमोजे घातलेले चौघे. मंजिरी कियोको-सानना गाडीने घेऊन आली होती. त्या काळ्या पोशाखात, मोत्यांची माळ घालून, शेवटच्या रांगेत उभ्या होत्या. शेवटच्या रांगेत!

कॅनू बांधून मी ओल्या पँटनेच वर गेले. दाराशीच फलक होता. मसुद्यातलं एक अक्षर बदललं नव्हतं. उलट भर पडली होती. 'पुनरुज्जीवन: दालनाच्या मार्गदर्शनाखाली, एका परदेशी स्वयंसेवकाच्या सहभागाने.'

मी खाली आले. तळपायाची आग मस्तकाला गेली होती. पण जपानीत भांडायला मला कधी कुणी शिकवलंच नाही. चौदा वर्षं ऑफिसात जे शिकले ते सगळं माफी मागायचं जपानी. त्यामुळे मी अत्यंत आदरार्थी भाषेत म्हणाले, "आपली क्षमा मागते, पण तो फलक बदलेपर्यंत ही कॅनू पाण्याबाहेर येणार नाही."

"अनघा-सान, पाहुणे थांबलेत," कुमागाई-सान हसऱ्या चेहऱ्याने, दातांतून म्हणाले.

"फलकावर कियोको-सानचं नाव नाही. अर्धी होडी ह्यांनी केलीय. ह्या दालनाने मला कसलंही मार्गदर्शन केलेलं नाही. तुम्ही टेप घेऊन आला होतात, एवढंच."

मंजिरी मराठीत पुटपुटली, "ताई, आवाज." हातमोजेवाले चौघे आपल्या हातांकडे बघू लागले. कुमागाई-सान मागे वळले. "चिबा-सान, तुम्हीच सांगा हो यांना. तुमची तर काही हरकत नाही ना?"

सगळ्यांनी कियोको-सानकडे पाहिलं. त्या "न्दा" म्हणाल्या, म्हणजे तिकडच्या बोलीत "बरं", आणि रांगेतून बाहेर पडून उतारावरून खाली यायला लागल्या. मला वाटलं, झालं. आता त्या माझ्या दंडाला हात लावणार, जाऊ दे म्हणणार, आणि मला मुकाट्याने बाजूला व्हावं लागणार.

त्या माझ्या बाजूने पुढे गेल्या. पाण्याच्या कडेला बूट काढले, घराच्या दारात ठेवतात तसे जोडीने नीट ठेवले, एक हात होडीच्या कडेवर टेकला आणि पाऊल बरोबर होडीच्या मध्यरेषेवर टाकलं. होडी हललीसुद्धा नाही. मग पुढच्या बैठकीवर बसून, मोत्यांची माळ सारखी करून म्हणाल्या, "अनघा-सान, ढकला."

मी दोर सोडला, ढकललं आणि उडी मारून आत बसले.

"चिबा-सान! कुठे निघालात?" कुमागाई-सान उताराच्या टोकापर्यंत धावत आले. "फलकाचं आपण नंतर बसून बोलू! कॅनू दालनाला द्यायचं ठरलंय!"

कियोको-सान वळून, बसल्या जागी होईल तेवढं वाकून म्हणाल्या, "केन्तो शिमास."

म्हणजे, 'विचार करू.' जपानी ऑफिसात ज्याने एक दिवस काढलाय त्याला याचा अर्थ माहीत असतो. अर्थ असतो 'नाही'. बांधावर कुणीतरी मोठ्याने हसलं. मला वाटतं हातमोजेवाल्यांपैकी एक होता.

मी पाचेक मिनिटं वल्हवलं. मग समोर बघतच त्या म्हणाल्या, "त्या फलकावर लिहिलंय, पहिलं कॅनव्हास ओकायामाहून मागवलं."

"हो, वाचलं."

"खोटं आहे. इशिनोमाकीला शिडं शिवणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडून मी आणलं. पाठीवर मुलगी, काखेत ती गुंडाळी. दोन गाड्या बदलून. मुलगी सगळ्या वाटेने रडत होती आणि मला बसायला कुणी जागा दिली नाही." त्यांनी मोत्यांची माळ मुठीत धरली. "मी आज तो फलक तीनदा वाचला. आधी वाटलं, आपल्यालाच नीट आठवत नसेल." मग त्या म्हणाल्या, "अनघा-सान, मला राग आलाय."

"मलाही."

"तुम्हाला नेहमीच येतो," त्या म्हणाल्या. "आणि मनगट अजून बाहेर वळवा. होडी डावीकडे जातेय."

दोन किलोमीटर खाली वाळूचा एक काठ होता. तिथे मंजिरी गाडी घेऊन आली, हातात कियोको-सानचे बूट. आमचे तिघींचेही पाय ओले होते. थर्मासमधला चहा प्यायलो. ताकानो-सानना फोन केला, ते ट्रेलर घेऊन आले आणि कॅनू पुन्हा वरच्या गावी, तिच्या शेडमध्ये गेली.

पुढे काय झालं तेही सांगते. नोव्हेंबरात दालनाकडून एक खरमरीत, पण अतिनम्र पत्र आलं. डिसेंबरात दुसरं, जरा मऊ. दोन्हींना कियोको-साननी उत्तर दिलं नाही. मग जानेवारीत, बर्फ पडलेलं असताना, कुमागाई-सान एकटेच आले. मी तिथेच होते. टेप नव्हती, वही होती. शेडमधल्या शेगडीजवळ बसून त्यांनी विचारलं, "कॅनव्हास किती ताणायचं, हे तुम्हाला कसं कळतं?"

कियोको-सान चार तास बोलल्या. इशिनोमाकीचा म्हातारा, रडणारी मुलगी, लांबीत तेल किती, रंगाचे हात किती. कुमागाई-सान लिहीत राहिले. मी चहा केला नाही, तो कुमागाई-साननीच मध्ये उठून केला. निघताना वहीच्या पहिल्या पानावर त्यांनी ठळक अक्षरांत कथन करणाऱ्याचं नाव लिहिलं आणि खात्री करायला वही पुढे केली.

कियोको हे नाव जपानीत अनेक प्रकारे लिहितात. कुमागाई-साननी नेहमीचं, 'स्वच्छ' या अर्थाचं, दोन चित्राक्षरांतलं नाव घातलं होतं, आणि ते चुकीचं होतं. चाळीस वर्षांच्या कॅनू, इतकी कात्रणं, एक अख्खं दालन, आणि ह्या बाईचं नाव कसं लिहायचं हे आजवर कुणाला माहीतच नव्हतं, कारण ते लिहायची कुणाला वेळच आली नव्हती. कुमागाई-सानचा चेहरा लाल झाला. ते माफी मागायला लागले.

कियोको-साननी त्यांच्या हातातून पेन घेतलं, ते नाव एका रेघेने खोडलं आणि खाली, आखडलेल्या बोटांनी, वेळ घेत, आपलं नाव तीन अक्षरांत लिहिलं.